रोडग्यांवर एक बादली पाणी

जर्मनीहून परत आल्यापासून जो भेटतो तो म्हणतो, ‘लिही ना काहीतरी, प्रवासवर्णन लिही.’ त्यांना बर्फ हवा असतो, किल्ले हवे असतात, तिकडची गाडी मिनिटाच्या ठोक्यावर कशी येते ते हवं असतं. गाडी चांगली तासभर उशिरा यायची हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. तर त्या सगळ्यांची क्षमा मागून मी लिहिणार आहे पुण्याहून उंद्रीला केलेल्या प्रवासाबद्दल. उंद्री हे बुलडाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातलं माझं गाव. त्या वाटेनं किती वेळा गेले-आले याची गणती नाही. पण या वेळी सोबत क्लारा होती, आणि त्या पंधरा दिवसांत माझं डोकं असं तापलं की अजून निवलेलं नाही. निवायच्या आत लिहून काढलेलं बरं.

आधी क्लारा कोण ते सांगते. मी पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकते. आमच्याकडे अशी योजना आहे की इथली एक मुलगी सहा महिने तिकडे जाते, मग तिकडची एक इकडे येते. दोघींची जोडी लावतात. रोज एक तास तिची भाषा, एक तास माझी. माझी जोडी क्लाराशी लागली आणि मी दक्षिण जर्मनीतल्या तिच्या खेड्यात, तिच्याच घरी राहायला गेले.

गाव एवढंसं. एक बेकरी, एक चर्च आणि आगीचा एक लाल बंब. बंबावर पगारी माणूस कोणी नाही. गावातलेच सुतार, शिक्षक, शेतकरी आळीपाळीनं सराव करतात. क्लाराचे वडील वायरमन, तेही त्यात, आणि क्लाराही शाळेपासून त्यात. पहिल्याच आठवड्यात आम्ही जेवत असताना भोंगा वाजला. बापलेक दोघं हातातला घास टाकून पळाले. कुणाच्या तरी कोठारातून धूर येत होता. आपल्याकडे आग लागली की लोक आधी बघायला पळतात; ही माणसं बंबाकडे पळाली. हे मला फार आवडलं होतं. तेव्हा मला कुठे ठाऊक की हेच पुढे उंद्रीत आमच्या अंगाशी येणार आहे.

क्लाराची आई, उर्सुलाकाकू, त्यांच्या गावचं जर्मन बोलायची. मी पुण्यात जर्मनमध्ये पहिली आलेली, आणि काकूंच्या टेबलावर मला ओ की ठो कळेना. त्यांचं बोलणं पुस्तकात नव्हतंच. काकू तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या, हातवारे करायच्या, मी भलतंच काही समजले की टेबलावर थाप मारून हसायच्या. पण एकदाही त्यांनी ‘आमचं आपलं गावंढळ हो’ असं म्हणून तोंड लपवलं नाही. गेल्या गेल्या जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या अंगावर एक टॉवेल फेकला आणि ओल्या ताटांकडे बोट दाखवलं. मला क्षणभर रागच आला. पाहुणीला ताटं पुसायला लावतात? दोन दिवसांनी कळलं की टॉवेल मिळाला म्हणजे मी पाहुणी उरले नाही. रात्रीचं जेवण मात्र गार पाव आणि वर काकडी, त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

संध्याकाळी मी आईला फोन लावायची. आईच्या मते माणूस जितका लांब तितका आवाज मोठा पाहिजे, त्यामुळे जर्मनीसाठी तिनं जो आवाज लावला तो शेजारच्या घरातही ऐकू जायचा. मला दोन प्रश्न विचारून झाले की ती म्हणायची, ‘‘बरं, तुहं सोड. तिले दे फोन.’’ मग क्लारा आणि आई. ‘‘जेवली का वं? काय जेवली? नुसता पाव? बाप्पा बाप्पा! तुह्या मायले म्हना, पोरीले भाकर घालत जाय!’’ क्लारा निम्मं मराठी माझ्याकडून शिकली आणि निम्मं आईकडून. खरं सांगायचं तर आईकडून जास्त; आईला ती मावशी म्हणायची. उंद्रीला जायचं, मावशीच्या चुलीपाशी बसायचं आणि समोरासमोर बोलायचं, भारतात येताना तिनं एवढी एकच गोष्ट ठरवली होती.

पुणे

तिची पाळी आली आणि ती पुण्यात दाखल झाली. पहिल्या तासाला मॅडमनी विचारलं, मराठी येतं का थोडं? क्लारा आनंदानं म्हणाली, ‘‘हाव, येते ना! पल्लवीच्या मायनं शिकवलं मले.’’

वर्ग खदखदून हसला. हे हसू माझ्या ओळखीचं होतं. मी पहिल्या वर्षी होस्टेलच्या मेसमध्ये ‘मले पोळी दे’ म्हणाले होते, तेव्हापासून माझं नावच ‘मले’ पडलं होतं. मी तेव्हा गप्प बसले आणि महिन्याभरात बोलणं बदलून टाकलं. पण क्लाराला हे हसू समजेना. ती मला विचारत होती की मी चुकीचं उत्तर दिलं का.

मॅडम म्हणजे आमच्या योजनेच्या समन्वयक. बाई वाईट नाहीत. माझा व्हिसा अडकला तेव्हा त्यांनीच धावपळ केली होती. म्हणून तर जास्त राग येतो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी पाहुणीला शिळं वाढलं आहे. ‘‘पल्लवी, अगं तिला प्रमाण भाषा शिकवायची ना? ही तिकडे जाऊन असं बोलली तर आपल्याबद्दल काय वाटेल त्यांना?’’ ‘आपल्याबद्दल’ या शब्दात माझी आई नव्हती, हे मला कळलं.

क्लारा गुणी मुलगी. तिनं मॅडमचंही मराठी शिकून घेतलं. सत्र संपल्यावर, परीक्षेआधी, पंधरा दिवस एखाद्या कुटुंबात राहायचं असतं. मॅडमनी कोथरूडचं एक कुटुंब शोधून ठेवलं होतं. क्लारा म्हणाली, मी उंद्रीला जाणार, नाहीतर कुठेच नाही. मॅडमनी बरंच समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. मी घरच्यांशी बोलून घेते.’’ त्या बोलल्याच. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

उंद्री

चिखलीहून पुढे निघालो तेव्हा थंडीतली सकाळ होती. दोन्ही बाजूंना हरभरा गुडघ्याला आलेला, मधूनच तुरीची उभी रानं, कुठे मागे राहिलेला कापूस. क्लारा खिडकीला नाक लावून बसली होती आणि मनातल्या मनात काहीतरी घोकत होती. ‘‘मावशीला पहिल्यांदा काय म्हणू ते ठरवते आहे,’’ ती म्हणाली.

आमच्या दारात अर्धी गल्ली जमलेली. आईनं भाकरीचा तुकडा आमच्या दोघींवरून ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं. क्लारानं घोकलेलं वाक्य म्हटलं, ‘‘मावशी, आली मी! कशी हायेस वो?’’

आई म्हणाली, ‘‘या. बसा. प्रवास कसा झाला?’’

एसटी स्टँडवर गाडीची घोषणा करतात त्या आवाजात. मला वाटलं, थट्टा करते आहे. मी हसले. आई हसली नाही.

घरात शिरले तर घर ओळखू येईना. चुलीच्या जागी पडदा लावलेला. बैठकीत शेजाऱ्यांची सोफ्याची खुर्ची. बाबा, ज्यांचा आवाज तीन वावरं, म्हणजे तीन शेतं, ओलांडून जातो, ते खुर्चीच्या कडेला टेकून ‘‘वेलकम. जर्नी... गुड?’’ असं एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलत होते. अगदी असंच तिकडे क्लाराचा एक शेजारी माझ्याशी बोलायचा. जेवायला काय, तर नूडल्स! माझ्या आईच्या हातचं वांग्याचं भरीत खायला जी मुलगी समुद्र ओलांडून आली, तिच्या ताटात पाकिटातले नूडल्स. आणि आई दाराशी उभी. ‘‘घ्या ना.’’ ‘‘अजून देऊ?’’ ‘‘नको का? बरं.’’

क्लारानं परोपरीनं प्रयत्न केला. ‘‘मावशी, तुमची ढवळी गाय कशी हाय? वासरू झालं का?’’ फोनवर या गायीवर दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या. आई म्हणाली, ‘‘हो, झालं.’’ आणि आत गेली.

हात धुताना क्लारानं मला हळूच विचारलं, ‘‘तुझी आई माझ्यावर रागावली आहे का?’’ तिचे डोळे भरून आले होते. 

दुसऱ्या दिवशी गोठ्यात बाबांना गाठलं आणि खोदून खोदून विचारलं. बाबा आधी उडवाउडवी करत होते. मग म्हणाले, ‘‘त्या मॅडमचा फोन आल्ता ना. चांगल्या बोलल्या हो त्या. म्हनल्या, पोरीची परीक्षा हाय, तिच्या कानावर शुद्ध पडलं पायजे. घरात जो चांगलं बोलते त्यानंच बोला, बाकीच्याईनं कमी बोललं तं बरं. अन् तुह्या मायनं आयकलं ते. फोन इस्पीकरवर होता.’’

तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बाकीच्यांनी कमी बोललं तर बरं.’ माझ्या आईला, तिच्याच घरात! उर्सुलाकाकूंना कुणी फोन करून सांगितलं होतं का, की बाई गं, उंद्रीची मुलगी येते आहे, तिचं जर्मन बिघडेल, तू तोंड मिटून बस? तसा फोन कुणी केला असता तर काकूंनी त्याला टॉवेलनंच झोडला असता.

मी चुलीपाशी गेले. आई भाकरी थापत होती. ‘‘काऊन बोलत नाई वं आई तिच्याशी?’’

आईनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘हळू बोल. माहं आयकून तिचं बिघडते म्हने. एवढी दुरून आली बिचारी. माह्यापाई कायले नुकसान करू तिचं?’’

‘‘काही नुकसान होत नाही! तिला तूच हवी आहेस.’’

‘‘तुले काय समजते? मॅडम का खोटं बोलतीन?’’

मी भांडले, समजावलं, वैतागून रडले. क्लारानं स्वतः सांगितलं. आई सगळं ऐकून घ्यायची आणि क्लाराकडे पाहून म्हणायची, ‘‘बरं आहे.’’ त्या दोन शब्दांचा मला इतका संताप यायचा की सांगता सोय नाही.

मोताळा

वाटलं, घराबाहेर काढलं तर आई मोकळी होईल. माझी सख्खी मावशी, आईची बहीण, मोताळ्याला असते. बाजाराचा दिवस बघून आम्ही तिघी निघालो. बुलडाणा सोडल्यावर राजूरचा घाट लागतो. सागाची पानं वाळून तांबूस झालेली, वळणावळणावर माकडं. क्लाराला आपलं गाव आठवलं. तिथेही असाच रस्ता झाडीतून खाली उतरतो, फक्त माकडांच्या जागी हरणं. हे ती आईला सांगायला वळली. आईनं ऐकलं, मान डोलावली.

मावशीला कुणी फोन केला नव्हता, त्यामुळे ती धडाधड बोलत सुटली. ‘‘हेच का वं ते जर्मनीवाली? हाडं पाह्य बरं हिचे! तिकडं खायले देत नाई का?’’ क्लाराचा चेहरा उजळला. दोघींचं असं जमलं की मी मध्ये नकोशीच झाले. आई बाजूला बसून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सहन होईना. आपल्या लेकरानं दुसऱ्याच्या मांडीवर बसावं तसं काहीतरी.

मग बाजार. जमिनीवर पसरलेली पोती, लाल मिरचीच्या ढिगानं खोकणारी माणसं, मेथी, हिरवी वांगी, बैलाच्या गळ्यातली घुंगरं. क्लारापाशी मोबाईल घेऊन पोरं जमली. प्रत्येकाला तिच्याबरोबर फोटो हवा. विचारायचं नाही, सरळ खांद्याला खांदा लावायचा. मी दोघांना चांगलं खडसावलं. तेवढ्यात गर्दीतून एक आवाज कानावर आला. वांगीवाल्याशी कुणीतरी कडकडून भांडत होतं.

‘‘हे वांगे हायेत का दगडं? कोनाले देतं रे? कालचे तं नाई ना हे? डोये फुटले का माहे?’’

आई! अस्सल आई, फोनवरची. क्लारानं माझा हात घट्ट धरला आणि आम्ही धावलोच तिकडे. आईनं आम्हाला येताना पाहिलं आणि एकदम थांबली. वांगीवाल्याला म्हणाली, ‘‘द्या दोन किलो.’’

वांगीवालासुद्धा गोंधळला. बिचारा भांडणाची पुढची ओळ तयार ठेवून बसला होता.

 परतताना क्लारा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी मनातल्या मनात मॅडमना इतकं काही बोलून घेतलं की ते इथे लिहिता येणार नाही.

आमचं वावर

आणि मॅडमच आल्या. ‘ग्रामीण कुटुंबातील दिवस’ अशी फिल्म करायची होती. सोबत कॅमेरावाला, आणि एका पिशवीत क्लारासाठी नऊवारी आणि नथ, बाबांसाठी फेटा. माझ्या आईनं जन्मात कधी नऊवारी नेसलेली नाही. बाबांनी फेटा घातला असेल तर लग्नात. पण गाव म्हणजे कसं दिसायला हवं ते मॅडमना पुण्याहूनच ठाऊक होतं. क्लारानं नऊवारीला हात जोडले आणि रोजच्या सलवार-कमीजमध्येच राहिली. बाबांनी मात्र भिडेखातर फेटा घातला आणि दिवसभर तो सावरत बसले.

त्या दिवशी शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. क्लारा आली म्हणून आईनंच ठरवलेलं, भावकीतल्या सगळ्यांना बोलावून. ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या घट्ट कणकेचे मुठीएवढे गोळे करायचे. गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा लालभडक विस्तव झाला की गोळे त्यात टाकायचे आणि वरून राख-निखारे ओढून पुरून टाकायचे. मग निवांत सोडून द्यायचं. वरून काही दिसत नाही, फक्त धूर निघत राहतो. आतल्या आत रोडगे भाजले जातात. नंतर राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वरण, वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. असं जेवण जर्मनीत सोडा, पुण्यातही मिळत नाही.

आई सकाळपासून कणीक मळत होती. रोडगे विस्तवात पुरले तेव्हा कॅमेरावाल्यानं क्लाराला हरभऱ्यात उभं केलं होतं, तिनं ते पाहिलंच नाही. भाजीची पातेली झाकून ठेवली. मग मॅडमनी सगळ्या बायकांना आणि बाबांना विहिरीकडे नेलं, डोक्यावर हंडा घेऊन चालताना दाखवायचं म्हणून. नळ येऊन इतकी वर्षं झाली, पण हंडा पाहिजे. मीही रागारागानं मागे गेले, भांडायला.

क्लारा झाडाखाली एकटी राहिली. तिच्या पाठीमागे सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या वाळक्या भुशाचा, भला मोठा ढीग होता. आणि थोड्याच अंतरावर, राखेच्या एका ढिगातून, धूर. जवळपास माणूस नाही. वारा कुटाराच्या दिशेनं.

आता तुम्हीच सांगा, शाळेपासून बंबावर सराव केलेल्या मुलीनं काय करावं? तिनं केलं तेच. टाक्यापाशी बादली भरलेली होती. ती उचलून पळत आली आणि राखेवर रिकामी केली. समाधान झालं नाही म्हणून आणखी एक भरून आणली.

फस्स असा आवाज झाला आणि राखेचा पांढरा लोट उठला. आम्ही विहिरीवरून पाहिलं. सगळ्यात पुढे आई धावली, तिच्यामागे बायका, त्यांच्यामागे फेटा सांभाळत बाबा, आणि सगळ्यात मागे कॅमेरावाला, कॅमेरा चालूच. आम्ही पोचलो तेव्हा काळ्या चिखलात रोडगे तरंगत होते आणि क्लारा बादली घेऊन ताठ उभी होती, गाव वाचवल्यासारखी.

आईनं चिखलाकडे पाहिलं. क्लाराकडे पाहिलं. आणि तिचा आवाज फुटला.

‘‘अवं भैताडे! काय केलं वं हे? रोडगे होते ना वं त्याच्यात, रोडगे! आग लागली होती का काई? सकायपासून कंबर मोडून राह्यली माही, अन् हे आली बादली घेऊन! पुऱ्या भावकीचं जेवन बुडवलं ना वं माय!’’

 भैताड म्हणजे आमच्याकडे ठार वेडगळ माणूस. समुद्रापलीकडून आलेल्या पाहुणीला, कॅमेऱ्यासमोर, भैताड! मॅडमचा हात तोंडावर गेला.

क्लारानं बादली खाली ठेवली. तिचा चेहरा राखेनं माखला होता आणि त्यावर इतका आनंद होता की मला आधी कळलंच नाही. ‘‘मावशी, मले काय मालूम वो! धूर दिसला. कुटार बाजूले. मले वाटलं तुमचं वावर जयते! आमच्या गावात धूर दिसला का पयले पानी, मंग बाकीचं!’’

‘‘अन् वरून मलेच समजावते!’’ आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. मग तिला हसू आलं. आधी दाबत होती, मग दाबेना. काकवा, आत्या, बाबा, सगळे हसून हसून खाली बसले. बाबांचा फेटा सुटून चिखलात पडला, तो कुणी उचलला नाही.

आईनं डोळे पुसले आणि क्लाराला म्हणाली, ‘‘उभी काय राह्यली? हात धू अन् बस इथी. कनिक मय. बुडवले तूनंच, आता करजो बी तूच.’’

उर्सुलाकाकूंचा टॉवेल मला आठवला. क्लारालाही आठवला असणार, कारण तिनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि परातीपाशी फतकल मारली. नव्यानं विस्तव पेटला. तोवर पोराबाळांनी हरभऱ्याचे घाटे भाजून खाल्ले. जेवायला दुपार टळून गेली, पण तसं जेवण मी दुसरं जेवले नाही. आई परातीपाशी बसून चार दिवसांचं साठलेलं सगळं बोलत होती. ढवळीच्या वासरापासून सुरुवात.

मॅडम क्लाराजवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, तू हे असं काय बोलतेस? एवढी मेहनत घेतली आपण वर्गात.’’

क्लारा त्यांच्याच मराठीत म्हणाली, ‘‘मॅडम, वर्गातलं वर्गात बोलेन. आत्ता मी मावशींशी बोलते आहे.’’ आणि पुन्हा कणकेकडे वळली. मॅडम कॅमेरावाल्याला काहीतरी सांगायला गेल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. पडदा निघाला, खुर्ची शेजाऱ्यांकडे परत गेली. आई तिला ‘कला’ म्हणू लागली आणि कला घरभर ‘काऊन’ आणि ‘कायले’ करत फिरू लागली.

पुन्हा पुणे

योजनेच्या समारोपाच्या कार्यक्रमाआधीच फिल्म सगळ्यांच्या फोनवर आली. उत्साहानं उघडली. हरभरा, बैल, हंडे. मग आमचं वावर. आई धावत येते, थांबते, तोंड उघडते. आणि आवाज नाही. आवाज काढून टाकलेला. त्या जागी बासरी. आईचे ओठ हलताहेत, हात हलताहेत, बासरी वाजते आहे आणि खाली अक्षरं उमटतात: ‘माऊलीचं अगत्य’.

मी फोन भिंतीवर फेकायचीच राहिले. अगत्य म्हणे! तोंड बंद करून फोटो लावला की झालं अगत्य. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘परदेशी पाहुणे येणार आहेत, पल्लवी. तुझ्या आईचीच शोभा झाली असती.’’ त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी आईवर उपकार केले.

बाबांनी फिल्म गल्लीभर दाखवली होती. संध्याकाळी मी फोन लावला. आई हळू म्हणाली, ‘‘पाह्यलं. बरंच केलं त्याईनं आवाज काढला ते. म्याच भैताड, कॅमेरा चालू असता बोलली.’’ क्लारा शेजारीच बसली आहे, मी म्हणाले. त्यावर तोच एसटी स्टँडचा आवाज आला, ‘‘बरं आहे. ठेवते.’’ आणि तिनं ठेवलाही. क्लारानं सगळं ऐकलं होतं. तिनं फिल्म पुन्हा लावली आणि आईच्या ओठांकडे बघत बसली.

समारोपाला सभागृह भरलं होतं. फिल्म झाली, टाळ्या झाल्या. क्लाराला दोन शब्द बोलायला बोलावलं. हातात मॅडमनी तपासून दिलेलं भाषण होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि शुद्ध मराठीत म्हणाली, ‘‘शेतातला भाग पुन्हा एकदा दाखवाल का? आणि बासरी बंद ठेवा.’’

पडद्यावर आई धावत आली, थांबली. ओठ हलले. आणि क्लारा माईकवर बोलू लागली, आईच्या ओठांबरोबर, आईच्या सुरात, कंबरेवर हात ठेवून.

‘‘अवं भैताडे! काय केलं वं हे? रोडगे होते ना वं त्याच्यात, रोडगे!...’’

पुढच्या रांगांमध्ये हशा पिकला, तोच जुना, माझ्या ओळखीचा. क्लारा थांबली नाही. ‘‘सकायपासून कंबर मोडून राह्यली माही...’’ हशा विरत गेला. मागच्या रांगांमध्ये होस्टेलची पोरं बसली होती, मेहकरची, वाशीमची, कुठली कुठली. तिथून कुणीतरी ओरडलं, ‘‘बोल माय!’’ मी उभी राहिले. मला बसवेना.

शेवटचं वाक्य झाल्यावर क्लारा म्हणाली, ‘‘या माझ्या शिक्षिका. त्यांचा आवाज फिल्ममध्ये राहून गेला होता.’’ आणि खाली उतरली.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. 

‘‘लोकं हासले?’’ आईनं विचारलं.

‘‘आधी हसले. मग नाही हसले.’’

‘‘भैताड म्हनली का पन ती? सभेत?’’

‘‘म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.’’

 मग फोनमधून असा काही हसण्याचा आवाज आला की पायऱ्यांवरून उतरणारी माणसं वळून बघायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं, पण आईनं मला मध्येच तोडलं.

‘‘बरं, तुहं सोड,’’ ती जर्मनीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘‘तिले दे फोन.’’